कॅमशाफ्टवाले काका

चालत्या ग्राइंडिंग मशीनच्या पत्र्यावर डावा तळहात टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि थोडा वेळ कोणाशी बोलायचं नाही, ही काकांची सवय. नवा माणूस घाबरायचा. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला चक्कर आली. मग काका डोळा उघडून सांगायचे, "बेअरिंग कुरकुरतंय, बुधवारच्या आत बघा," आणि बुधवारी ते खरंच बदलावं लागायचं. मीटिंगमध्ये कोणी नुसते आकडे दाखवून मशीनबद्दल बोलायला लागलं की त्यांचं वाक्य ठरलेलं असे. "आधी हात लाव, मग मत दे." मॅनेजरलाही तेच.

कारखाना आयर्लंडमधल्या मलिंगार गावाच्या बाहेर. चहूबाजूंनी गाई आणि मधे आम्ही. मी तिथल्या तपासणीच्या लॅबमध्ये होते. काका मूळचे चिंचवडचे. वीसेक वर्षांपूर्वी मशीनं बसवायला तीन महिन्यांसाठी आले आणि मशीनांबरोबर स्वतःही बसले. मी नागपूरची, त्यांच्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी सवयीने 'काका' म्हणून गेले आणि शेजारी उभ्या असलेल्या डेक्लन या आयरिश कारागिराने ते उचललं. महिन्याभरात कँटीनच्या बाईपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना काका म्हणायला लागले. काकांनी आधी नाक मुरडलं, मग ते लॉकरवरसुद्धा लिहून टाकलं.

आम्ही दोघंही ल्यूकन गावात राहायचो आणि तिथून एकाच गाडीने कामाला जायचो. गाडी त्यांची, छोटी आणि विजेवर चालणारी. पण वेड होतं ते अमेरिकन मसल कारचं. तुम्ही ती पाहिली असेल: लांबलचक बोनेट, आत आठ सिलिंडरचं इंजिन, आणि सुरू केली की तीन घरांपलीकडचं बाळ जागं होईल असा आवाज. आयर्लंडच्या गावरस्त्यांवर ती वळवायची म्हटली तरी दोन कुंपणं पाडावी लागतील. पण तिच्या इंजिनातला कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा-मिटणारा दांडा, आमच्याकडे बनायचा. "ते इंजिन गुरगुरतं ना, ते आपल्यामुळे," काका सांगायचे. इंजिनात आणखी शंभर भाग असतात असं मी म्हटलं की ते रेडिओचा आवाज वाढवायचे.

मग एका सोमवारी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. अमेरिकेतली गाडीची कंपनी पुढचं मॉडेल विजेवर आणणार होती. तिकडचा इंजिनाचा कारखाना आतून रिकामा करून नव्याने उभारायला घेतला होता. विजेच्या मोटरला झडपा नसतात, त्यामुळे कॅमशाफ्टही नाही. तिला लागतो रोटरचा शाफ्ट, म्हणजे मोटरच्या आत फिरणारा गोल दांडा, आणि तो कोणीतरी दुसऱ्या देशातल्या नव्याकोऱ्या कारखान्यात बनवायला तयार होतं. आमच्या जुन्या मशीनांवर तो बनतो हे दाखवायला आम्हाला ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळाली. नाही जमलं तर फाटकाला कुलूप.

त्या दिवशी सूप कोणी संपवलं नाही. आम्हा मराठी लोकांचं एक वेळ ठीक होतं, एखाद्या औषधाच्या नाही तर चिपच्या कारखान्यात चिकटलो असतो. डेक्लनची बायको, भाऊ आणि मेहुणा, सगळे याच छपराखाली होते. अशी अर्ध्या मलिंगारची घरं होती.

परतीच्या वाटेवर काकांची समजूत कशी काढायची याची मी तयारी करून बसले होते. त्यांचं आठ सिलिंडरचं दैवत मोडीत निघालं होतं. वाटेतलं किनेगड गाव मागे पडेपर्यंत त्यांनी रेडिओवरच्या बातम्या ऐकल्या. मग म्हणाले, "कॅम अंड्याच्या आकाराचा असतो. अंडं घासणाऱ्या मशीनला आता गोल घासायला सांगायचंय. अवघड काय आहे त्यात?" आणि पंपावर गाडी थांबवून त्यांनी दोन चहा घेतले. माझ्या समजुतीच्या सगळ्या वाक्यांचं मातेरं झालं.

अवघड बरंच होतं. शाफ्ट लांब आणि बारीक, ग्राइंडिंगचा दगड लागला की मधे वाकायचा. पहिले दोन आठवडे आम्ही फक्त भंगार बनवलं. काका आणि डेक्लन मशीन उघडायचे, जोडायचे, पुन्हा उघडायचे. मी लॅबमधून 'नापास'चे कागद पाठवत राहिले. डेक्लन मला बघितलं की वाट बदलायचा. काका मात्र स्वतः यायचे, कागद वाचायचे आणि "किती सुधारला?" असं विचारायचे. सुधारत होता, हे खरं. सप्टेंबर संपता संपता एका सकाळी शाफ्ट मापात आला, दुसरा आला, सगळी पेटी आली. डेक्लन नुसतं "ग्रँड, काका" म्हणाला आणि हॉलच्या मागे जाऊन सिगरेट ओढून आला. तो चार वर्षांपूर्वी सिगरेट सोडलेला माणूस.

अमेरिकेहून गाडीच्या कंपनीच्या एक बाई तपासायला यायच्या होत्या. त्यांचा शब्द शेवटचा. आणि त्या येणार होत्या नेमक्या खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी.

आता खंडेनवमीला काका काय करायचे ते सांगायला हवं. ल्यूकनच्या घरी कुंड्यांत लावलेला झेंडू ते डबाभर घेऊन यायचे. चहाच्या सुट्टीत प्रत्येक मशीन पाच मिनिटं बंद, त्यावर हळद, कुंकू आणि फूल. उदबत्तीने आगीचा अलार्म वाजतो म्हणून बॅटरीवरचा दिवा. नारळ पार्किंगमध्ये. आयरिश कामगार टोप्या काढून रांगेत उभे राहायचे आणि पेढ्यासाठी हात पुढे करायचे. त्या वर्षी तर काकांनी कशालाही सोडलं नाही. शाफ्ट शेवटी ज्यात धुतात ते नवं वॉशिंग मशीन, त्याच्या जाळ्यांच्या टोपल्या, सगळ्यांना चांगलं बोटभर कुंकू लागलं. मीही नमस्कार केला. मला तेव्हा काही सुचलं नाही, आणि सुचायला हवं होतं, कारण ते माझंच काम.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या. मापं बघितली, मान हलवली. मग राहिली स्वच्छतेची तपासणी. धुतलेला शाफ्ट पुन्हा स्वच्छ पाण्याने खळखळून घ्यायचा, ते पाणी पांढऱ्या कागदातून गाळायचं आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. कॅमशाफ्टला ही तपासणी आम्ही इतकी बारीक कधी केलीच नव्हती. पेट्रोलचं इंजिन चिमूटभर धूळ पचवतं. विजेच्या मोटरला कण चालत नाहीत.

मी डोळा लावला. कागदभर लाल ठिपके होते.

बाई तेव्हा मॅनेजरबरोबर जेवायला गेल्या होत्या. मी काकांना बोलावलं. त्यांनी एकदाच पाहिलं. गंज नाही, सीलचं रबर नाही, हे त्यांना कळलं. रंग त्यांच्या ओळखीचा होता. ते स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना लॅबमध्ये बसलेलं पाहिलं नव्हतं.

मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "काका, नमुना माझ्या हातून खराब झाला असं लिहिते. दुसरा शाफ्ट मी इथे हाताने धुते. कोणाला कळणार नाही."

"तुला कळेल ना," ते म्हणाले. "उद्या तो शाफ्ट गाडीत बसणार. इतकी मेहनत केली ती खोट्या कागदावर चालवायची का?"

"अख्खा कारखाना बंद पडेल."

"पडला तर माझ्या नावाने पडू दे. तुझ्या सहीने नको."

मला रडू आलं, आणि रागही आला. त्या वेळी रागच जास्त होता.

बाई परत आल्यावर काका त्यांच्यासमोर उभे राहिले आणि सरळ सगळं सांगितलं. आमच्याकडे वर्षातून एकदा अवजारांची पूजा करतात, ही लाल पूड तिची, लावणारा मी, आणि हे कामाच्या कागदात कुठेही लिहिलेलं नव्हतं म्हणून चूक माझी. धातूचा कण नाही म्हणून ते वाद घालू शकले असते. घातला नाही. मॅनेजर जमिनीकडे बघत होता. बाईंनी कागद पाहिला, काकांकडे पाहिलं आणि विचारलं की मशीन पूर्ण साफ करायला किती वेळ लागेल. काका म्हणाले, संध्याकाळपर्यंत. बाई म्हणाल्या, उद्या सकाळी तीस शाफ्ट, मी स्वतः शेजारी उभी राहणार.

त्या दुपारी वॉशिंग मशीनचा स्क्रू न् स्क्रू सुटला. काम नसलेले लोकही आले. कँटीनची बाई बादल्या घेऊन आली. टोपल्या घासताना डेक्लनचा मेहुणा कुरकुरला की या लाल पुडीपायी आम्ही मरणार, तेव्हा डेक्लनने त्याला दुसरी टोपली दिली आणि गप्प केलं. काका आत अर्धे शिरून कोपरे पुसत होते, बाहेर फक्त बूट दिसत होते.

सकाळी तीस शाफ्ट निघाले. मी कागद एकामागून एक लावत गेले आणि शेजारी बाई स्वतः डोळा लावून बघत होत्या. पांढरे. पांढरे. पांढरे. तिसावा संपला तेव्हा त्यांनी पेन काढलं, सही केली आणि काकांना म्हणाल्या, "चूक लपवत नाही तो कारखाना मला हवा होता." माझा जीव भांड्यात पडला आणि काचेबाहेर उभ्या लोकांनी जो गलका केला तो कुठल्याही आठ सिलिंडरला मागे टाकणारा होता.

पूजा बंद झाली नाही. कामाच्या कागदात रीतसर कलम आलं: पूजा फक्त हॉलच्या बाहेरच्या दारावर. खंडेनवमीला कागदपत्राचा नंबर मिळाला याचा काकांना भयंकर अभिमान. फोटो काढून चिंचवडला पाठवला.

शाफ्टचा पहिला ट्रक निघाला त्या दिवशी दोन्ही पाळ्यांचे लोक रिमझिमीत फाटकाशी उभे होते. काका पिवळं जाकीट घालून ट्रकच्या पुढे चालायला लागले, वरातीपुढे यजमान चालतो तसे. पार गोल चौकापर्यंत. गाड्या थांबवल्या, एका ट्रॅक्टरवाल्याला हात करून मागे सारला आणि ट्रकला हमरस्त्यावर लावूनच परतले. शिस्तीत बसणारं नव्हतं, पण सुरक्षा अधिकारीच टाळ्या वाजवत होता.

पुढच्या वर्षी काका निवृत्त होऊन चिंचवडला गेले. नव्या माणसांना त्यांचा चेहरा माहीत नाही. डेक्लनचा भाऊ, बायको, मेहुणा, सगळे अजून त्याच छपराखाली आहेत, आणि मीही.

परवा फोनवर त्यांनी विचारलं, ट्रक जातात ना? मी म्हटलं, रोज दोन जातात. त्यांनी विचारलं, बघायला कोण कोण जातं? मी जरा अडखळले. मग खरं तेच सांगितलं, की काका, आता कोणी मान वर करूनसुद्धा बघत नाही.

तिकडून ते मनापासून हसले. म्हणाले, "मग जमलं."