कुंटाल्याचा काळपाठ्या

दिवाळीनंतर दोन सुट्ट्या जोडून आल्या आणि सुहास म्हणाला, "किसनमामाकडे जाऊ. कुंटाला धबधबाही होईल."

किसनमामा हे सुहासचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सख्खे मामा. आदिलाबाद जिल्ह्यात तामसीजवळच्या एका गावात ते कापूस आणि ज्वारी पिकवतात. लग्नानंतर मी त्यांच्या घरी कधीच गेले नव्हते. निघताना सासूबाईंनी चकल्यांचा डबा दिला आणि एक सूचना केली: "माझ्या भावाला जनावरांबद्दल काही विचारू नकोस." मी नागपुरात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, जंगलाशी माझा संबंध नाही. मला वाटलं, मामांना वाघाबिघाचा वाईट अनुभव असेल.

नागपूरहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला आदिलाबादेत पोचता येतं. हायवे उत्तम आहे. पांढरकवड्याला नाश्ता करून घ्या, पुढे चांगलं हॉटेल लवकर मिळत नाही. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात, पण चहावाल्याशी मराठीत बोललात तरी चालतं.

मामा बाजारासाठी बसने आदिलाबादला आले होते. पांढरं धोतर, हातात रिकामी पिशवी, चेहरा तहसीलदारापुढे उभं राहिल्यासारखा गंभीर. ते पुढच्या सीटवर बसले. तामसीच्या रस्त्याला लागल्यावर गाडी एकामागून एक गतिरोधकांवर आदळू लागली. सुहास वैतागला.

"त्याले गतिरोधक म्हंतेत बाहेरचे लोकं," मामा म्हणाले. "तो साप हाय. सडक्या नाव त्याचं. डांबर टाकलं तवा खाली दबून राह्यला. बकरी गिळली का तेवढी जागा वर येते."

"इतक्या बकऱ्या?" मी विचारलं. विचारू नकोस असं का सांगितलं होतं ते तेव्हा कळलं.

"लय वर्साचा हाय ना तो," मामा म्हणाले. "दोन गतिरोधक जवळ जवळ असले तं समजाचं, शेळी गाभण होती."

संध्याकाळी मामींनी ज्वारीच्या भाकरी, झुणका आणि अंबाडीची भाजी केली होती. त्या चवीसाठी पुन्हा जायची माझी तयारी आहे. जेवताना मामांनी हाक्या नावाच्या जनावराची माहिती दिली. हा इंद्रवेल्लीकडच्या रानात राहतो आणि माणसाला त्याच्या बायकोच्या आवाजात हाक मारतो. जो हाकेमागे गेला तो परत येत नाही.

"मग तुम्ही कसे वाचलात?"

"बायकोनं हाक मारली तं आपन एका हाकेत कदी गेलो काय?"

मामी भाकरी थापत म्हणाल्या, "तवापासून मी हाक मारतच नाई. ताट वाजवते."

मी पुरावे मागत होते आणि मामा ते देत होते. हाक्याचा आवाज त्यांनी काढूनसुद्धा दाखवला. तो हुबेहूब मामींसारखा होता आणि मामींना तो अजिबात आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे कुंटाल्याला निघालो, मामी कापूस वेचायला थांबल्या. आदिलाबादहून हायवेने नेरडीगोंड्यापर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं. आत सागाचं जंगल आहे, रस्ता अरुंद पण बरा. गाडी वर लावून पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर विचार करून उतरा, कारण परत चढायच्याही त्याच आहेत. मामा खोकत खोकत, पण कुणाचा हात न धरता उतरले.

धबधबा काळ्या कातळावरून टप्प्याटप्प्याने कोसळतो. पावसाळ्यासारखा धडधडत नव्हता, त्यामुळे बोललेलं ऐकू येत होतं. डोहाजवळ धोक्याची पाटी होती आणि साखळी होती. साखळीच्या पलीकडे तिघे जण होते, बोलण्यावरून यवतमाळकडचे. त्यांतला पांढऱ्या शर्टाचा भारी अंगाचा माणूस डोहाच्या अगदी कडेच्या शेवाळलेल्या कातळावर पाण्याकडे पाठ करून, फोन उंच धरून, मागे सरकत होता. रखवालदार शिट्टी फुंकून थकला होता. सुहासने ओरडून सांगितलं, "मागे डोह आहे, या अलीकडे." त्या माणसाने हसून हात हलवला आणि आणखी अर्धं पाऊल मागे टाकलं.

मामा साखळीजवळच्या दगडावर बसले आणि त्या तिघांकडे न बघता मला मोठ्याने म्हणाले, "सूनबाई, तुले काळपाठ्या पाह्याचा होता ना? पाह्य, किती आरामात पडला हाय. त्या भाऊच्या पायाखाली."

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. पांढरा शर्ट थबकला. "काय हाय जी?"

"दगड नोहे ते, पाठ हाय त्याची. तुमी हालू नका फक्त. वजन मागं गेलं का तो..." इथे मामांना खोकल्याची उबळ आली. एक शब्द फुटेना. त्यांनी माझ्याकडे बघून हाताने खूण केली: बोल.

माझं सगळं काम खरं तेच लिहून देण्याचं. पण तो माणूस अजून कडेलाच होता. मी लॅबमध्ये रिपोर्ट समजावते त्याच आवाजात बोलू लागले. "वजन मागे गेलं की तो श्वास घेतो. त्वचा ओलसर असते, हिरवट, हात लावला तर बुळबुळीत लागते. दात नसतात. नुसती पाठ झटकतो. उभा माणूस त्याला सहन होत नाही, बसलेला चालतो."

"खाली बसा तुम्ही," सुहास म्हणाला. तो बायकोकडे इतक्या आदराने पहिल्यांदाच बघत होता.

त्या माणसाने वाकून कातळाला हात लावला. कातळ बुळबुळीत होताच. माणूस हसला, पण बसला. मग बसल्या बसल्याच, मुंगीच्या गतीने, अलीकडे सरकू लागला. मध्येच त्याचा पाय घसरला आणि एक चप्पल डोहात गेली. पाण्यावर एक गिरकी घेऊन ती खाली ओढली गेली. आम्ही सगळे वाट बघत होतो, पण ती वर आली नाही. त्याचे दोघे मित्र कुणी काही न सांगता साखळीच्या अलीकडे आले.

जमिनीवर नीट उभा राहिल्यावर त्याला धीर आला. "असं जनावर नसते जी," तो मामांना म्हणाला.

"नसते तं नसते," मामा म्हणाले. "चप्पल कोनं नेली मंग?"

पायऱ्या चढून वर आल्यावर तिघांनी आम्हाला चहा पाजला. तो माणूस एक पाय चपलेत आणि एक पाय बाकड्यावर घेऊन बसला होता. काळपाठ्यापासून चपलेपर्यंत सगळं तो चहावालीला सांगत होता. मामांनी त्याच्याकडे न बघता चहावालीला विचारलं की यंदा कापूस कसा आहे.

नागपूरला येऊन आता बरेच दिवस झाले. कुंटाल्याला जाल तर पावसाळा संपल्यावर जा, घसरणार नाहीत असे बूट घाला आणि साखळीच्या अलीकडे राहा. तिथूनही फोटो छान येतात. माझ्यापुरतं म्हणाल तर लॅबमध्ये मी अजूनही खरं तेच लिहून देते. पण कुणी गंभीरपणे काही अचाट सांगू लागलं की पूर्वीसारखी लगेच पुरावा मागत नाही.

काल मामांचा फोन आला. त्या चहावालीने काळपाठ्याची गोष्ट आता सगळ्यांना सांगायला सुरुवात केली आहे आणि तिने मामांकडे निरोप पाठवला होता. "उन्हाळ्यात पानी उतरते," मामा म्हणाले, "लोकं लय आतपर्यंत जातेत. तवा काय सांगाचं म्हनून इचारून राह्यली."

मी थोडा विचार केला. "उन्हाळ्यात पिल्लं असतात म्हणावं," मी म्हणाले. "तेव्हा तो अंगावर येतो."

"हे बराबर हाय," मामा म्हणाले, आणि फोन ठेवला.