कोण राहिलं?

खरं सांगा, घोळक्याचा फोटो हातात आला की तुम्ही आधी कोणाला शोधता?

मी स्वतःलाच शोधायचो आणि सापडलो की खट्टू व्हायचो. उभा राहायचो अन्यायाविरुद्ध पेटलेला माणूस म्हणून, फोटोत यायचा शिंक अडकलेला माणूस.

बजाजनगरात माझ्या खोलीखालीच, सगळे जिला आपा म्हणायचे त्या बाईंचं फोटोचं दुकान होतं. वाळूजच्या कंपन्यांत कामाला लागलेली निम्मी माणसं गेटपासच्या फोटोसाठी त्यांच्या निळ्या पडद्यासमोर बसून गेलेली. कामगारांसाठी लिहिलेल्या माझ्या पत्रकांची पुस्तिका निघणार होती, मागे लेखकाचा फोटो हवा होता. आठवडाभर आरशासमोर संतापाचा सराव करून मी गेलो.

आपांनी कॅमेरा खाली घेतला. "भाऊ, पोट दुखतंय का?"

"हा संताप आहे, आपा."

"मग घरी ठिवून या. इथं नक्को."

"प्रश्न गंभीर आहेत. मी हसणार नाही."

"हसा म्हणतंय कोण? हनुवटी खाली, श्वास सोडा. भाषण नंतर."

त्यांच्या हाताखाली मी सुधारत गेलो. माझी डावी बाजू जास्त बरी दिसते, असा त्यांनी निकाल दिला. मला तो माझ्या विचारांचा विजय वाटला.

एक गोष्ट मात्र शिकलो नाही. समोर चार माणसं असली की बटण दाबण्याआधी आपा ओरडायच्या, "कोण राहिलं?" कोणीतरी राहिलेलं असायचंच. दाराआडची सून, चपला शोधणारे आजोबा. ते येईपर्यंत त्या थांबायच्या.

पुढे एका कंपनीच्या ठेकेदारानं साफसफाईच्या बायकांना एका दिवसात काढून टाकलं. त्यांतली कांताबाई एकटी गेटवर जाऊन बसली, मग बाकीच्या आल्या, मग मी माझी पत्रकं घेऊन पोचलो.

"भाऊ, पेपरात फोटो येईल ना?" कांताबाईनं विचारलं. "माय सिल्लोडला हाय. तिला वाटतं, मीच कटाळून काम सोडलं."

फोटो काढायला आपा आल्या. "कोण राहिलं?" म्हणून ओरडल्याही असतील. मी घोषणा देत होतो.

संध्याकाळी दुकानात फोटो पाहिले. एकात सगळ्या जणी स्वच्छ, कांताबाई मधोमध, पण माझे डोळे मिटलेले आणि तोंड वासलेलं. दुसऱ्यात हनुवटी खाली, नजर धारदार, मूठ वर. जन्मात पहिल्यांदा मी बरा आलो होतो.

"हाच पेपरला पाठवू."

"नीट बघा, भाऊ. कोण राहिलं?"

"सगळे आलेत, आपा," मी स्वतःवरची नजर न काढता म्हणालो.

फोटो छापून आला. कांताबाईच्या चेहऱ्यावर माझी मूठ होती. तिनं पेपर बराच वेळ पाहिला. मग मुठीखालच्या हिरव्या बांगड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हा हात माझाच हाय. माय वळखंल."

मी दुकानात गेलो. "लई चांगले आलात," आपा म्हणाल्या. तोवर माझे डोळे मिटलेल्या फोटोची मोठी प्रत त्यांनी काढून ठेवली होती. ती घेऊन मी सिल्लोडची बस पकडली.

म्हातारीनं फोटो उजेडाला धरला. "ही माझी कांता! समद्यांच्या मधी बसलीय. आन् हा तोंड वासलेला कोण?"

"असाच एक," मी म्हणालो.

आता गेटपासचे फोटो कंपनीतच निघतात. आपा दुकान बंद करून लेकीकडे गेल्या. निळ्या पडद्याच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकतात.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी चार माणसांत फोटोला उभे राहाल, तेव्हा हनुवटी खाली घेण्याआधी एकदा मोठ्यानं विचारा, "कोण राहिलं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.