आमच्या केबिनचा घाम

बोटीवरचे किस्से कुणी जमवत नाही. आमच्या केबिनच्या पत्र्यावर पाणी साचायचं तसे ते आपोआप साचतात, आणि नको तेव्हा डोक्यावर टपकतात. दादा जाऊन दीड महिना झाला. सध्या रोज टपकतात.

दादा आणि मी डोलवीजवळच्या खाडीत लाँच चालवायचो. बार्जवर माणसं पोचवायची, भरतीची वाट बघत केबिनमध्येच झोपायचं. केबिन एवढीशी की दार उघडायचं तर दोघांनी उठायचं! थंडीत सकाळी पत्रा आतून घामाने डबडबलेला. पहिला थेंब नेहमी दादाच्या कानात. तो शिव्या द्यायचा, मी हसायचो.

*

आम्ही मिठागरातली माणसं. दादा म्हणाला, "मीठ पाणी ओढतं. दोन गोणी आत ठेव!"

मिठाने पाणी ओढलं, खरंच ओढलं! चार दिवसांत गोण्या पाझरल्या आणि गोधड्या खारट झाल्या. वहिनी धुवायला बसली. म्हणाली, "भावजी, तुम्ही दोघंपण उन्हात पडा. सुकट तरी होईल!"

*

मग पेणहून गणपतीच्या मखराचा थर्माकोल आणून पत्र्याला आतून चिकटवला. मधोमध नाचरा मोर. कुवेतहून सुट्टीवर आलेला शेजारचा इस्माईलभाई डोकावून म्हणाला, "झोपता की आरतीला बसता रे?"

आठवड्यात थर्माकोलच्या मागे पाणी साचलं आणि मोर माझ्या तोंडावर पडला. दादा इतका हसला की लाँच डुलली.

*

रोह्याचा म्हातारा मिस्त्री इंजिन बघायला आला होता. पत्र्यावर बोट फिरवून म्हणाला, "बोट गळत नाय. हे तुम्हा दोघांच्या श्वासाचं पाणी हाय. खिडकी उघडी ठेवा."

दादाने उघडली. थंडी वाजली म्हणून मी लावली. त्याने उघडली, मी लावली. आठ दिवस हेच!

शेवटी मिस्त्रीने दुसरा इलाज सांगितला. छपरातून वाकडा पाइप काढायचा, म्हणजे आतली दमट हवा निघून जाते. दादा दिवसभर पाइप, पाइप करत बसला. मी भडकलो. "मग जा ना, आण तुझा पाइप!"

*

दादा सायकलने पेणला गेला. येताना वडखळच्या पुढे ट्रकने उडवलं. सायकलचा चुराडा. पाइपला ओरखडासुद्धा नाही!

पोलिसाने तो माझ्या हातात दिला. "तुमचा हाय ना?"

मी व्हय म्हणालो.

*

वहिनीने लाँच विकायला काढली. परवा सकाळी, चांगली थंडी असताना, ती गिऱ्हाईक घेऊन आली. दीड महिन्यात केबिनमध्ये कुणी झोपलं नव्हतं. त्याने पत्रा चाचपला. "वा! थंडीत एवढी कोरडी केबिन? काय केलंत?"

मला काय झालं कळलं नाही. मी त्याला बाहेर काढलं, दार लावलं, खिडकी लावली आणि पत्र्याला तोंड लावून श्वास सोडत बसलो.

"भावजी, दार उघडा! भावजी!"

डोकं गरगरायला लागलं तेव्हा उघडलं.

"हात लावा," मी गिऱ्हाइकाला म्हणालो. "गळते. नाय विकायची."

त्याच्या आधी वहिनी आत आली. माझ्या जागेवरच्या ओल्या पत्र्याला तिने हात लावला. मग हात सरकवत दादाच्या कोरड्या बाजूला नेला. तिथे बराच वेळ ठेवला.

"जावा भाऊ," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. "केबिन गळते."