लोणकढीवर सही

हातातला घास ताटात ठेवून तो म्हणायचा, "पुडी." एवढंच. मग घास उचलून जेवायला लागायचा. ज्याने पुडी सोडली असेल त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

कुवेतला मी रत्नागिरीकडच्या एकट्या पुरुषांना जेवायला घालत असे. साठ सालच्या आसपासची गोष्ट. त्यातलाच हा एक, पाण्याचा टँकर चालवायचा. खोटेपणाच्या त्याने पायऱ्या लावल्या होत्या. किरकोळ ती पुडी. गावाकडच्यांना फसवायची ती थाप. आणि सगळ्यांनी मिळून कढवलेली, तुपासारखी गळ्याखाली उतरणारी, ती लोणकढी. कोणी खरं कबूल केलं की म्हणायचा, "ओकलास ना? आता बरं वाटेल."

एकदा कालवण ताजं आहे असं मी म्हणाले. "भाभी, पुडी." कालचंच होतं. मी चिडले. पण पुढे आधीच सांगायला लागले, "आज कालचंच आहे." "वाढा," म्हणायचा, आणि दोनदा घ्यायचा.

आमच्यात मुलगी द्यायची तर बाप कुवेतच्या ओळखीच्यांना पत्र टाकून मुलाची चौकशी करी. उत्तराखाली चारचौघांच्या सह्या असल्या की मंगनी पक्की. आमच्यातल्याच एकाची अशी चौकशी आली. तो रक्त थुंकायचा. सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरला कळलं तर बोटीत बसवून परत पाठवतील म्हणून सगळे गप्प. माझ्या नवऱ्याने उत्तर लिहिलं, "मुलगा निरोगी आहे." भराभर सह्या झाल्या.

कागद याच्याकडे, टँकरवाल्याकडे आला. त्याने वाचला.

"ही लोणकढी. मी सही करणार नाही."

"तुझी मुलगी आहे का ती?" माझा नवरा म्हणाला.

"तुमची असती तर दिली असती?"

"लग्न झालं की सुधारेल तो."

"आणि तिला लागण झाली तर?"

नवऱ्याने त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. तो कागद तसाच टपालात पडला. याने आपलं वेगळं पत्र टाकलं. लग्न मोडलं.

मग या शहाण्यांनी काय करावं? रक्त थुंकणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवत होते, खरं कळवणाऱ्या याची मात्र त्यांना किळस आली. नवरा म्हणाला, "उद्यापासून त्याला वाढू नको." आणि मी वाढलं नाही. तो दारात आला, आतली ताटं बघितली, "बरं आहे, भाभी," म्हणाला आणि गेला. अबू हलीफा नावाच्या गावात काम धरलं असं नंतर कानावर आलं.

वर्षाच्या आत तो आजारी माणूस गेला. माझ्या नवऱ्याने मुलीच्या बापाला लिहिलं, "त्याने दुखणं लपवलं, आम्हाला ठाऊकच नव्हतं." लिहून मोठ्याने वाचलंही, कुठे न अडखळता. बाकीचे माना डोलवत होते. मेलेल्या माणसाच्या अंगावर ढकलायलाही यांना लाज नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर वेडंवाकडं. तरी पाकीट चिकटवायच्या आधी त्याच कागदाच्या मागे लिहिलं, "सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही."

बापाचं उत्तर माझ्या नावाने आलं. मुलगी दुसरीकडे दिली, तिला मुलगा झाला. ज्याने खरं कळवलं त्याला लिहिलेलं पत्र मात्र परत आलं. त्याचा नवा पत्ता पाठवा.

मी जेवणाऱ्यांना एकेक करून विचारलं. "आम्हाला काय माहीत?" म्हणाले. या वेळी ते खरं बोलत होते. अबू हलीफ्याला माणूस पाठवला. तिथला टँकर आता दुसराच कोणी चालवत होता.