आठव्या उपवासाचा बाजार

शनिवार, संवत्सरी, म्हणजे जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस. खिशात मुलीनं दिलेली वीस युरोची एक नोट. हजर आम्ही तिघं: मी, माझी बायको सरला आणि आमची मुलगी निकिता. तिच्याकडे महिनाभर राहायला आम्ही जळगावहून फ्रान्समधल्या एका लहानशा गावात आलो होतो. सरलाचा त्या दिवशी आठवा उपवास. पर्युषणाचे आठही दिवस तिनं फक्त उकळून गार केलेलं पाणी घेतलं होतं, तेही सूर्यास्तापर्यंतच. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं (उपवास सोडणं), आणि आमच्याकडे ते मुगाच्या पाण्यानं होतं. घरात मूग नव्हते.

नसण्याचं कारण मी. निघताना बॅग तेवीस किलो चारशे ग्रॅम भरली. मर्यादा तेवीसची. मी मुगाचं अर्ध्या किलोचं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. तेव्हा सरलाचा अठ्ठाई (सलग आठ उपवास) करायचा विचार नव्हता, आणि मूग काय, कुठेही मिळतात! डाळमिलमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला मूग न मिळणारं गाव असू शकतं, हे सुचलंच नाही. रिक्षावाल्या नानांनी बॅगा चढवताना विचारलंही होतं, "बठ्ठं लिधं ना, भाऊ?" (सगळं घेतलं ना?) मी हो म्हणालो.

भारतीय दुकान रेल्वेनं दोन तासांवर. निकिताची दुपारची ड्युटी. ऑनलाइन मागवलेलं पाकीट सोमवारी येणार. उरला शनिवारचा बाजार, आणि तो दुपारी एकला उठतो.

"मीही येते," सरला म्हणाली. "आठ दिवस भिंतीच बघतेय."

बाजार चर्चसमोरच्या दगडी चौकात भरतो. सरला दहा पावलं चालायची आणि थांबायची, त्यामुळे मला सगळं निवांत पाहता आलं. संवत्सरीला हिरवी भाजी आम्ही घेत नाही, पण पाहायला मनाई नाही. चार रंगांचे टोमॅटो, कागदावर देठ वर करून मांडलेले अंजीर. कुणी ओरडत नाही. आधी नमस्कार, मग भाव. खरबूजवाली बाई गिऱ्हाइकाला विचारते, फळ आज खाणार की उद्या, आणि त्याप्रमाणे हुंगून निवडून देते. चीजवाल्यानं सरलापुढे सुरीच्या टोकावर तुकडा धरला. तिनं हात जोडले, तर त्यानंही सुरी खाली ठेवून हात जोडले.

एका पोत्यात बारीक हिरवी मसूर दिसली. सवयीनं दाणा दातापर्यंत नेला आणि आठवलं, आज माझाही उपवास आहे.

"मसुरीचं पाणी चालेल हो मला," सरला म्हणाली. ती माझ्यासाठीच म्हणत होती. जळगावात पारण्याला तिला एकेक चमचा भरवायला चाळीस माणसं उभी राहिली असती. इथे निदान मूग तरी असावेत, एवढंच मला वाटत होतं.

शेवटच्या रांगेत साठीची एक बाई मोड आलेली कडधान्यं विकत होती. तिचं नाव मोनिक, हे नंतर कळलं. पांढऱ्या मोडांच्या ढिगाला हिरवी सालं चिकटलेली पाहून मी थांबलो.

"निकिता, हे मूग आहेत."

"पप्पा, पाटीवर सोया लिहिलंय."

"पाटी लिहिणाऱ्यानं मूग चाळले नसतील. मी चाळलेत."

मोड आलेलं आम्हाला चालत नाही. पण मोड आहेत म्हणजे भिजवायला घरी कोरडं पोतं असणारच. निकितानं विचारलं. मोनिक म्हणाली, आहे, पण ते विकायचं नाही, आणि बारा किलोमीटरवर आहे. कशाला हवंय? निकितानं सरलाकडे बोट दाखवून सांगितलं. मोनिकनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, सरलाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

निकिता हसू दाबत म्हणाली, "मम्मी, ती विचारतेय, तुला यांनी उपाशी ठेवलंय का? डॉक्टरला बोलवू का?"

आठ दिवसांत सरला पहिल्यांदा मोठ्यानं हसली. "सांग तिला, हे रोज जेव जेव करतात. मीच ऐकत नाही. उद्या ये म्हणावं, बघ मी खाते की नाही."

मोनिकनं पत्ता लिहून घेतला. येते असं म्हणाली नाही, फक्त वेळ विचारली.

संध्याकाळी प्रतिक्रमण (वर्षभराच्या चुकांची उजळणी) झाल्यावर मी सरलापुढे हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्. (चुकलं असेल त्याची क्षमा.) मुगाचं पाकीट मी काढलं होतं."

"माहीत आहे. ओट्यावर पाहिलं होतं मी. म्हटलं, यांचं गणित कशाला मोडा."

रविवारी सूर्योदय सात पंचविसला होता, आणि पारणं त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, म्हणजे आठ तेरानंतर. साडेसात वाजले, कुणी नाही. सात चाळीसला मी निकिताच्या डब्यातल्या मसुरीचा पर्याय मनात मान्य केला. सात सेहेचाळीसला बेल वाजली. मोनिक दारात, हातात काचेची बरणी. दाणा बारीक, एकसारखा, किडका एकही नाही. निकितानं कुकर लावला.

पहिला चमचा मी दिला, दुसरा निकितानं. मग सरलानं चमचा मोनिकपुढे केला. तिनं आधी हात धुतले, पुसले, आणि आजाऱ्याला देतात तसा हळू, खाली दुसरा हात धरून, चमचा सरलाच्या ओठाला लावला. सरलानं घोट घेतला तेव्हा मोनिकनं एवढा मोठा श्वास सोडला की जणू आठ दिवस तिनंच काढले होते. चाळिसांची उणीव त्या क्षणी मला आठवलीही नाही.

मी वीसची नोट पुढे केली. तिनं ती माझ्याच खिशात घातली.

"पैसे नका हो देऊ," सरला म्हणाली. "प्रभावना द्या." पारण्याला येणाऱ्या प्रत्येकाला घरून काहीतरी भेट देतात, ती प्रभावना. तिला नाही म्हणायचं नसतं, हे निकितानं समजावलं. मोनिकनं हात पुढे केला.

तीन आठवड्यांनी जळगावला कुलूप उघडलं तर पाकीट ओट्यावर तसंच होतं. सरलानं ते डब्यात ओतलं. शेजारणी शाता (क्षेमकुशल) विचारायला आल्या आणि पारणं कुणी करवलं म्हणाल्या, तेव्हा तिनं आधी मोनिकचं नाव घेतलं, मग माझं. मला ते बरोबर वाटलं.

वीसची नोट न मोडता निकिताला परत केली होती. त्या बाजारापोटी दिलं ते एवढंच: दहा रुपयांचं एक नाणं, मोनिकला.