जत्रेनंतरचा दिवा

पॅरिसला आयफेल टॉवरसमोर आमचा टूरचा घोळका कुडकुडत उभा होता. तिन्हीसांजेला तो लोखंडी मनोरा एकदम उजळला. सगळ्यांचे मोबाइल वर गेले. माझ्या सासूबाईंनी मात्र हात जोडले, घरी दिवा लावल्यावर जोडतात तसे.

मी ओशाळले. "आई, हे देऊळ नाही. जागतिक प्रदर्शनापुरता बांधला होता, नंतर पाडणार होते."

"दिवा लागला की हात जोडायचे. त्याला देऊळ कशाला हवं?" त्या म्हणाल्या. "आणि जत्रा उठली तरी दिवा ठेवलाच ना त्यांनी? शहाणी माणसं."

पाडायला निघालेले हात कधीतरी थबकले, म्हणून हा उजेड आमच्यापर्यंत पोचला. शेजारची अनोळखी फ्रेंच बाई सासूबाईंकडे बघून हसली आणि तिनेही हात जोडले. माझ्या आधी.