कांद्याच्या मुळांची वेळ

तांडापेठेतल्या विणकराच्या घरात जन्मलेल्या रुपराव धकात्यांनी हातमाग सोडून कॉलेजची नोकरी धरली, तेव्हा गल्लीतले लोक म्हणाले, सुताचा माणूस कांद्यात पडला. खोटं नव्हतं ते. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते अटेंडंट होते, आणि एका पेशीच्या दोन कशा होतात हे पोरांना दाखवायला कांद्याच्या मुळाइतकं सोयीचं काही नव्हतं. पाण्याच्या बाटल्यांवर कांदे बसवायचे, मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की सकाळी दहाला टोकं कापून औषधात टाकायची, म्हणजे पेशी जिथल्या तिथे थांबतात. त्या वेळी टोकाशी विभागणीची नुसती घाई उडालेली असते. दहा वर्षांत रुपरावांची वेळ चुकली नव्हती. स्वतः मात्र त्यांनी मायक्रोस्कोपला कधी डोळा लावला नाही. बघायचं काम शिकणाऱ्यांचं, असं त्यांचं साधं मत.

वेळ चुकली ती अडुसष्टच्या मार्चमध्ये, नेमकी परीक्षेच्या आदल्या दिवशी. घरी पाजणी होती. गल्लीभर ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, पसरून ऊन तापायच्या आत त्याला खळ लावायची, म्हणजे सकाळी दहापर्यंत सारं घर हाताशी हवं. रुपराव पहाटेच सायकल मारत कॉलेजात गेले आणि टोकं कापून आले. पहाटे सूत कसं मऊ असतं, मग मूळ का नसेल, असा त्यांचा विणकरी हिशेब.

दुसऱ्या दिवशी त्या मुळांत सगळ्या पेशी शांत बसलेल्या. बाकीच्या पोरांनी पुस्तकातली चित्रं आठवून कागदावर छान उतरवली. काटोलची देवकी तेवढी कोरा कागद घेऊन बसली. तिचा हा दुसरा प्रयत्न होता. या खेपेला नापास झाली तर शिक्षण बंद आणि लग्न, असं घरून बजावलं होतं. रुपरावांना ते ठाऊक होतं, कारण डबा खाताना तिनं त्यांनाच सांगितलं होतं.

"सगळ्यांना दिसलं, तुलाच कसं नाही?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"नाही दिसलं, सर. जे दिसलं नाही ते काढू कशी?"

रुपराव भिंतीशी उभे होते. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. नोकरी शाबूत राहिली असती.

"साहेब, पोरीची चूक नाही," ते म्हणाले. "मुळं मी पहाटेच कापली. घरी पाजणी होती."

चित्रं काढलेल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून गेले होते. खिडकीत एक कांदा उरला होता, मुळं आखूड म्हणून रुपरावांनी सोडलेला. परीक्षकांनी खूण केली तसं रुपरावांनी त्याचं टोक कापलं, लाल रंगात ठेवून दिव्यावर गरम केलं, काचेखाली घेऊन अंगठ्यानं नीट दाबलं. देवकीनं डोळा लावला. मग पेन्सिल उचलली. चित्र झाल्यावर म्हणाली, "भाऊ, तुम्हीही पाहा."

रुपरावांनी पहिल्यांदाच पाहिलं. एका पेशीच्या मधोमध लाल धागे ओळीनं लागलेले, शेजारच्या पेशीत ते दोन टोकांकडे निघालेले.

"प्रत्येक धाग्याचे दोन झाले," देवकी म्हणाली. "दोन्हीकडे सारखे."

"अन् कोणाच्या वाट्याले कमी नाही आलं," रुपराव म्हणाले. सुताच्या धाग्याचे दोन केले तर दोन्ही बारीक होतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

देवकी पास झाली. रुपरावांना मेमो मिळाला, आणि तो त्यांनी पेटीत जपून ठेवला.

चौऱ्याऐंशीत ते निवृत्त झाले, तोवर तांडापेठेतले बरेच माग बंद पडले होते. घरचा ताणा गल्लीत पसरल्याला वर्षं लोटली होती. त्या सकाळच्या खळीच्या वासाची त्यांना फार आठवण येई. शाल-श्रीफळ झाल्यावर देवकी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेली. आता ती तिथेच शिकवत होती. तिनं सकाळी दहाला कापलेल्या मुळाची काच लावून ठेवली होती.

"पाहा भाऊ. तेच धागे."

रुपरावांनी चष्मा काढून डोळा लावला. मोतीबिंदूमुळे नुसतं लाल धुकं होतं. हो म्हणाले असते तर पोरगी खूश झाली असती.

"नाही दिसून राहिलं वं, बाई," ते म्हणाले. "मंग हो कसं म्हणू?"

देवकीनं डोळे पुसले, स्टूल ओढून शेजारी बसली आणि काचेत काय काय आहे ते त्यांना एकेक करून सांगू लागली.